पाच घरची चिंधी

माझ्या दुकानाच्या पाटीवर ‘फॅशन डिझायनर’ असं लिहिलं होतं. पेंटरनं ते दोन शब्द इतके ऐसपैस काढले की खाली ‘ब्लाउज, परकर, पिको-फॉल’ लिहायला त्याला बोटभर जागा उरली. माझं पोट मात्र त्या बोटभर जागेवरच चालायचं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी मूळची दौंडची. पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स केला, प्रमाणपत्राला फ्रेम करून घेतली, लग्न होऊन शिरूरला आले आणि घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकलं. तालुक्यातल्या बायकांना रंगसंगती शिकवायला सरकारनं मला नेमलंय, अशा थाटात मी वागत असे. बायका मापाचा म्हणून एक जुना, काखेत विरलेला ब्लाउज टेबलावर टाकायच्या आणि सांगायच्या, अस्साच, फक्त जरा सैल. मी गळ्याचे चौदा प्रकार वहीत काढून ठेवले होते. बायका वही कौतुकानं चाळायच्या, एखाद्या चित्रावर बोट ठेवून हे कोण घालतं म्हणून विचारायच्या, आणि गोल गळा सांगून जायच्या.

त्यामुळे डिझाइनचं पहिलं खरंखुरं काम मला मिळालं ते दौंडला, चार दिवस माहेरी गेले असताना. काम होतं जगातले सगळ्यांत वाईट दिसणारे कपडे शिवायचं.

आमच्या गल्लीतली एक मुलगी बाळंतपणाला आली होती. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, मला ताई म्हणायची. तिला शिरूरजवळ निमोण्याला दिलेलं. नवरा शिक्रापूरकडच्या एका कारखान्यात शिफ्टला जायचा, सासूच्या हाताखाली शेती होती. तिची महिन्याची लेक बघायला मी गेले. पाळण्यात वाकले, दुपट्याची घडी उचलली आणि माझ्यातली नटी जागी झाली. दोन्ही हात गालांशी नेऊन मी तोंड उघडलं असेल नसेल, तेवढ्यात तिच्या आईनं माझ्या पायावर पाय दिला. हळू नाही, टाच रोवून. मी उघडलेलं तोंड जांभई देऊन मिटवलं.

मग त्या मुलीनंच सगळं सांगितलं, खालच्या आवाजात, पाळणा हलवत. ही तिसरी. पहिलं मूल आठव्या दिवशी गेलं. दुसरा मुलगा दोन महिन्यांचा होऊन गेला. त्याच्या बारशाला तिची थोरली जाऊ पाळण्याशी वाकून म्हणाली होती की किती गोरं गं लेकरू, दृष्ट लागंल. पुढच्या महिन्यात ते गेलं. डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला. तिनं डॉक्टरांचं ऐकून घेतलं, पण जावेचं वाक्य काही तिच्या कानातून गेलं नाही. तेव्हापासून दोघी एका गावात राहून एकमेकींशी बोलत नव्हत्या. या खेपेला दवाखान्याचं सगळं वेळच्या वेळी केलं होतं, इंजेक्शनं, गोळ्या, तपासण्या. आता दुसरं राहिलं होतं. मुलीचं नाव कचऱ्यावरून ठेवलं होतं. ते मी इथं लिहीत नाही. आणि सासूनं निरोप धाडला होता की पोर पाच वर्षांची होईपर्यंत तिच्या अंगावर चिंध्यांचंच घालायचं.

“ताई, तुमी फॅशनचं शिकलाय न्हवं,” ती म्हणाली. “मला लेकराला घाण कपडं शिवून द्या. बघणाऱ्यानं तोंड फिरवलं पायजे.”

मी चेहरा गंभीर केला. आतून मात्र मला गुदगुल्या होत होत्या. ती बाई रात्रंदिवस पोरीच्या श्वासावर कान ठेवून बसलेली, आणि माझ्या डोक्यात बटणं नाचत होती. आता लाज वाटते, पण तेव्हा नाही वाटली.

शिरूरला परतल्या परतल्या मी कातरणाचं पोतं उपसलं. कोर्सच्या बाईंनी आम्हाला रंगांचं चाक शिकवलं होतं, कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी शोभतो ते. मी ते चाक उलटं फिरवलं. झबल्याचं अंग पोपटी. एक बाही नारिंगी, दुसरी चॉकलेटी चौकटीची आणि पहिलीपेक्षा दोन बोटं आखूड. गळ्याला जांभळी पट्टी. पाच बटणं, पाचही वेगळ्या घराण्यांची. वर कुंची, म्हणजे पाठीवर लोंबणारी बाळाची टोपी, तिला सोनेरी लेस उलटी लावलेली, टाके वर आणि चमक आत. मी ते सगळं टेबलावर मांडून नवऱ्याला दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि डोळे चोळत आत गेला. मला वाटलं, जमलं.

झबलं दौंडला पोचलं. ते बघून ती म्हणे बाळंतपणानंतर पहिल्यांदा हसली. तिसऱ्या महिन्यात पोरीला तेच घालून ती सासरी निघाली, आणि दौंडच्या एसटी स्टँडवर तीन अनोळखी बायकांनी तिला गराडा घातला. कुठनं घेतलं, केवढ्याला पडलं, पुण्याचं आहे का. एकीनं तर बाही चिमटीत धरून कापड तपासलं आणि शेजारणीला सांगितलं की हल्ली टीव्हीवर असंच असतं.

दोन दिवसांनी ती माझ्या दुकानात. पंखा दुरुस्त करून नेला आणि तरी फिरेना, अशा सुरात म्हणाली, “ताई, लोकं बघायला लागलीत.”

मला वाटलं, चूक भडक रंगांची. भडक म्हटलं की माणसाला जत्रा आठवते. म्हणून दुसरं झबलं मी शेणकट, राखी आणि मळकट पिवळ्या कापडाचं केलं आणि शिलाई सगळी बाहेरून ठेवली, धागे लोंबत. लसीच्या दिवशी नर्सबाईंनी पोरीला उजेडात धरलं आणि म्हणाल्या, बाहेरून शिलाई, छान कल्पना आहे, बाळाला टोचणार नाही. तिसरं केलं पडद्याच्या कापडाचं. पोटावर एक अर्धवट कापलेलं भलंमोठं सूर्यफूल, खिसा पाठीवर. ते घालून पोरीला शिरूरच्या बाजारात आणली, तर एक शाळेतल्या बाई कांद्याच्या ढिगापासून मेथीच्या पाट्यांपर्यंत तिच्यामागं चालत आल्या आणि टेलरचा पत्ता घेऊन गेल्या.

हे काय चाललंय ते मला कळेना, आणि न कळण्यात मला भलतीच मजा येत होती. दुपारी दुकान रिकामं असलं की मी ती तिन्ही झबली आठवून वहीत काढायची आणि बघत बसायची. कुरूप म्हणून एकेक गोष्ट निवडावी आणि ती शेजारच्या कुरूप गोष्टीशी सोयरीक जमवून मोकळी. मग एक दिवस लक्षात आलं की खोट माझ्या हातात होती. मला वाईट शिवताच येत नव्हतं. वाकडी बाही लावायला बसले तरी हात ती मापात वाकडी लावायचा. लोंबते धागेसुद्धा मी सारख्या लांबीचे ठेवले होते. बघणाऱ्याला कळायचं की यावर कुणीतरी जीव लावून बसलेलं होतं. मी मुद्दाम डोळे मिटून एक शिवण मारून बघितली. बोटात सुई गेली आणि शिवण सरळ आली.

तेवढ्यात त्या शाळेतल्या बाई खरंच आल्या. त्यांच्या भाच्याला तसलं झबलं हवं होतं, सूर्यफुलाचं. त्यांच्या पाठोपाठ आणखी दोघी. माझ्या चौदा गळ्यांकडं चार वर्षांत कुणी ढुंकून बघितलं नव्हतं आणि आता बायका माझ्या डोक्यातली कल्पना मागायला पायरी चढत होत्या. नाही म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणाले नाही. उलट एक झबलं जास्तीचं शिवलं आणि नमुना म्हणून दारात हँगरला लटकवलं.

आणि नेमकी त्याच दिवशी ती आली. सोबत सासू, सासूच्या कडेवर पोर. पोरीला ताप येऊन गेला होता. डॉक्टरांच्या औषधानं तो उतरलाही होता, पण हिचे डोळे तीन रात्रींचे सुजलेले. पायरीवर पाय ठेवला आणि ती हँगरसमोर थांबली.

“ताई,” ती म्हणाली, “हे माझ्या लेकराचं हाय.”

मी काहीतरी बोलू लागले, की लोकांना आवडलं, मी तरी काय करू. तिनं मला थांबवलं सुद्धा नाही. स्वतःशी बोलल्यासारखी म्हणाली, आता सगळ्यांचीच पोरं असं घालणार, मग माझ्या पोरीत न् त्या गेलेल्या गोऱ्या लेकरात काय फरक राहिला. मी इतके दिवस ज्याच्याशी खेळत होते ती त्या बाईची भीती होती.

सासू मात्र शांत. साठीतली, खणखणीत बाई. पोरीला सुनेकडं देऊन ती स्टुलावर बसली, हँगरवरचं झबलं काढून घेतलं, आत-बाहेर उलटवलं आणि बाजारात वांगं दाबून बघावं तसं दाबून बघितलं.

“ही चिंधी कुणाची?” तिनं नारिंगी तुकड्यावर बोट ठेवलं.

मी सांगितलं, कुणाच्या तरी ब्लाउजातली उरलेली.

“कुणाच्या?”

मला आठवेना.

“मागितली व्हती का तिला?”

मी म्हणाले, मावशी, कातरण कोण मागतं, ती खाली पडलेली असते.

“म्हंजी ही मागितलेली न्हाई, टेलरबाई. झाडून घेतलेली हाय.” झबलं तिनं टेबलावर ठेवलं आणि सुनेकडं वळली. “दौंडला पाच घरं मागून चिंध्या आणल्या म्हणालीस मला.”

सून पोरीची कुंची नीट करत राहिली. ती आधीच नीट होती.

तेव्हा कुठं मला सगळा प्रकार कळला. म्हातारीच्या निरोपात कुरूपपणाचा शब्दही नव्हता. मूल वाचावं म्हणून पाच घरं मागायची, प्रत्येकीच्या हातून वापरलेल्या कापडाचा तुकडा घ्यायचा आणि त्याचं झबलं करायचं. ते ध्यान दिसतं, कारण पाच घरचे तुकडे एकमेकांना शोभत नाहीत, एवढंच. ज्यानं आपल्या अंगावरचं दिलं त्याचं ते लेकरू झालं, म्हातारी म्हणाली, मग त्याची नजर कशी लागंल. आणि पाच घरांत एक घर आपल्या भावकीतलं असलंच पाहिजे, आपल्या रक्ताच्या माणसांचं. निमोण्यात भावकीचं घर एकच होतं. थोरल्या जावेचं.

त्या दारात जायला नको म्हणून तिनं मला गाठलं होतं. सासूला दौंडच्या कुठल्याशा लांबच्या भावकीचं नाव सांगून आणि मला फॅशनचं. माझं रंगांचं चाक, माझी पाच घराण्यांची बटणं, पाठीवरचा खिसा, सगळं त्या एका दाराला घातलेला वळसा होता.

दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवून निमोण्याला गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण अंक रंगात आल्यावर उठून जाणाऱ्यांतली मी नाही, आणि शिवाय सुई-दोरा माझाच लागणार होता.

सुनेनं पहिली चार घरं सोपी निवडली. सासू मागून चालत राहिली. पहिल्या घरी कारखान्याच्या निळ्या युनिफॉर्मचा खिसा मिळाला, शाईचा डाग पडलेला. दुसऱ्या घरच्या सुनेनं साडीच्या फॉलची पट्टी उसवून दिली. तिसरं घर धनगराचं. तिथल्या म्हातारीनं घोंगडीचा कोपरा कापला, आणि अंगाला टोचेल तेव्हा कुंचीच्या शेंड्याला लाव, असं मला बजावलं. चौथ्या घरी एकटे आप्पा होते. त्यांनी उदारपणे कोऱ्या धोतराची घडी आणली. सासूनं ती परत केली, वापरलेलं पाहिजे म्हणाली. आप्पा आत गेले. बराच वेळ नुसते डबे हलल्याचा आवाज. जुनं म्हणून घरात काही राहिलंच नव्हतं, सगळं गोधडीत गेलेलं. शेवटी ते बाहेर आले आणि हातातला तुकडा पुढं केला. मी बघितलं तर अंगावरचा सदरा मागून वीतभर आखूड झाला होता. आणखी पाहिजे का, त्यांनी विचारलं, पुढचा भाग अजून शाबूत आहे.

आम्ही हसत बाहेर पडलो, आणि दोन आळ्या ओलांडेपर्यंत हसणं संपलं.

थोरली जाऊ अंगणात कांदे निवडत बसली होती. काटक, सावळी, पदर कमरेला खोचलेला. तिनं मान वर केली, तिघींना आणि पोरीला बघितलं, आणि पुन्हा कांद्यात हात घातला. सासू ओट्यावर टेकली. मी खांबासारखी उभी. सून अंगणाच्या मध्यावर गेली आणि जमिनीकडं बघून म्हणाली, “चिंधी मागाय आलेय.”

“दीड वरीस लागलं व्हय गं, दोन आळ्या वलांडायला?”

जाऊनं आणखी एक कांदा उचलला.

“त्या दिशी मी गोरं म्हणले,” जाऊ म्हणाली. कांद्याची साल ती बोटांनी चोळत होती, पुन्हा पुन्हा तीच. “गोरंच व्हतं ते. मग काय काळं म्हणायचं व्हतं? त्यो गेला तवा म्या आतनं कडी लावून रडले. तुझ्या दारात यायची सोय ठिवली न्हवतीस तू.”

सुनेनं पदर तोंडाला लावला. जाऊ उठली, हात झटकले, घरात गेली. पेटी सरकवल्याचा आवाज आला. लगेच बाहेर आली, शोधाशोध करावी लागली नसावी. हातात एक फिकट झालेलं पांढरं झबलं, धुऊन घडी घातलेलं. घडीत कडुनिंबाचा वाळका पाला. तिच्या धाकट्या मुलाचं पहिलं झबलं. मी धंद्याच्या सवयीनं बघितलं, कापड मऊसूत, शिवण अजून घट्ट. मला राहवलं नाही. म्हटलं, हे तर चांगलं आहे, असंच्या असं घालता येईल.

“फाडल्याबिगार चिंधी कशी व्हईल, बाई?” ती मला म्हणाली. काठ दातात धरला, एक ओढ दिली आणि झबलं उभंच्या उभं फाडलं.

त्या आवाजानं पोर दचकली आणि रडायला लागली.

मी तिथंच ओट्यावर बसून हातानं शिवलं. खिसा, फॉल, सदऱ्याचा तुकडा, वर कुंचीला घोंगडी. डिझाइन करायला जागाच नव्हती, जो तुकडा जेवढा होता तेवढाच होता. जावेचा तुकडा कुठं लावू म्हणून विचारलं, तर सून म्हणाली, आतून लावा, अंगाला लागेल असा. झालेलं झबलं मी उचलून धरलं. ते भडकही नव्हतं आणि मजेशीरही नव्हतं. नजर त्यावर यायची आणि काही पकडायला न मिळाल्यामुळे पुढं सरकायची. कुणी पत्ता विचारला नसता.

पोरीला ते घातलं. जाऊ चार हातांवर उभी होती, जवळ यायचं टाळत, पण बघायचंही टाळवत नव्हतं तिला. सून उठली. क्षणभर मला वाटलं, निघाली. ती सरळ गेली आणि लेक जावेच्या हातांत दिली.

जाऊ पोरीकडं बघत होती. तिच्या ओठांशी काहीतरी आलं, आम्हा सगळ्यांना दिसलं, आणि तिनं ते गिळलं. सुनेनं डोळे मिटून घेतले होते.

“काय गं हे ध्यान,” जाऊ हळूच म्हणाली. “नाक बघ की. भजं चिकटावल्यावानी.”

सुनेनं डोळे उघडले. इतका वेळ धरून ठेवलेला श्वास तिनं सोडला, तो मला ओट्यावर ऐकू आला.

“कान बघा, जाऊबाई,” ती म्हणाली. “सुपाएवढं हायत.”

“आन् टकुरं? वाळला भोपळा.”

“रडती बी रेडकावानी,” सासू ओट्यावरून म्हणाली.

मलाही राहवेना. मी म्हणाले, पाय जरा फेंगडे वाटतात. तिघींनी माझ्याकडं वळून बघितलं. जाऊ म्हणाली, “तुमी ऱ्हाऊ द्या, टेलरबाई. तुमचं लईच गुळमुळीत हाय.” आणि दोघी जावा इतक्या हसल्या की धाकटीला खाली बसावं लागलं. हसता हसता ती रडायला लागली. थोरली एका हातात पोर धरून दुसऱ्या हातानं तिच्या पाठीवरून फिरवत राहिली, आणि तोंडानं पोरीला नावं ठेवणं चालूच.

शिरूरला येऊन मी हँगरवरचं झबलं उतरवलं. बाकीच्या गिऱ्हाइकांना सांगितलं की त्या झबल्याला कापड तुम्ही आणायचं, पाच घरं मागून. शाळेतल्या बाई गोल गळ्याचं सांगून गेल्या.

थोरली जाऊ पुढं पाच वर्षं रोज तिन्हीसांजेला त्या घरी जाऊन पोरीला शिव्या देऊन यायची, असं सासू बाजारात भेटली की सांगायची. मुलगी पहिलीत गेली तेव्हा शाळेचा गणवेश शिवायला दोघी जावा तिला घेऊन माझ्याकडं आल्या. मी माप घेत होते आणि ती आरशासमोर अगदी ताठ उभी होती. आपलं नाक बोटानं दाबून बघत तिनं मला मोठ्या ऐटीत सांगितलं, “मोठी आई म्हणती, असलं नाक अख्ख्या गावात कुणाचंच न्हाई.”

थोरली चटकन दाराबाहेर रस्त्याकडं बघायला लागली.